शिलेदाराचा हिशेब

गेल्या श्रावणात मी तीन आठवडे एक वही लिहिली. साधी शंभर पानी वही. मुलीची शाळेची बस सकाळी आठला सोसायटीच्या गेटवर येते आणि दुपारी पावणेदोनला तिला आणून सोडते. मधल्या वेळातून घरचं आवरणं वजा केलं की माझ्या हाती कामाचे पाच तास उरतात, आठवड्याचे पंचवीस. हे तास वाढत नाहीत. रात्री जागून वाढवून पाहिले, तर दुसऱ्या दिवशीचे पाच तास डोळे चोळण्यात गेले. म्हणून प्रश्न एवढाच उरला की याच पंचवीस तासांतून जास्त पैसे कसे यावेत.

मी सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिते. प्रोग्राम कसा बसवायचा, कोणतं बटण काय करतं, अडलं तर काय करायचं, हे वापरणाऱ्याला कळेल अशा भाषेत मांडायचं काम. आधी इथल्याच, पुण्याच्या हिंजवडीतल्या एका कंपनीत पगारावर करत होते, आता घरून चार-पाच क्लायंटसाठी करते. दर तासाला ८०० रुपये लावला होता. वहीत पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद केली, तेव्हा तीन आठवड्यांच्या ७५ तासांपैकी बिलात गेलेले तास भरले फक्त ४१. उरलेले ३४ कोटेशन बनवण्यात गेले होते, मिळालीच नाहीत अशा कामांच्या फोनाफोनीत गेले होते, ‘एवढं जरा बदलून द्या ना’ या दुरुस्त्यांत आणि थकलेल्या बिलांची आठवण करून देणाऱ्या मेलमध्ये. एक अख्खी सकाळ एका क्लायंटसाठी खराडीला जाऊन येण्यात संपली होती. ४१ तासांचे ३२,८०० रुपये. त्यांना ७५ ने भागलं आणि ४३७ आले. मी स्वतःला आठशेची समजत होते. हातात पडत होते चारशे सदतीस.

आकडा पाहून जुनी कंपनी आठवली. एमआयडीसीने वसवलेल्या इथल्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कात इन्फोसिस आहे, विप्रो आहे, टीसीएस आहे, कॉग्निझंट आहे. या इमारतींचा धंदा फार मोठ्या प्रमाणात माणसांच्या तासांवर उभा आहे. तास विकणाऱ्याला कोणता आकडा सांभाळावा लागतो, हे त्यांना पुरतं ठाऊक आहे. त्या आकड्याला ते युटिलायझेशन म्हणतात. पगार चालू असलेल्या माणसांच्या एकूण वेळेपैकी किती वेळेचं बिल फाटतं, ते प्रमाण. इन्फोसिससारखी कंपनी हा आकडा दर तिमाहीच्या निकालांसोबत जाहीर करते आणि तो दोन टक्क्यांनी घसरला तरी शेअर बाजारात चर्चा होते. काम नसलेला माणूस बेंचवर बसतो. बेंचचा खर्च कोणाच्या खात्यात टाकायचा, यावर मॅनेजर लोकांच्या बैठका होतात.

मी या सगळ्यात नऊ वर्षं काढली, टाइमशीट भरल्या, बेंच अनुभवला. पण घरी बसून काम सुरू केल्यावर माझं स्वतःचं युटिलायझेशन ५५ टक्के आहे, हे कळायला शंभर पानी वही लागली. हिंजवडी-वाकडच्या सोसायट्यांमधून नोकरी सोडून स्वतःचं काम करणारे डिझायनर, टेस्टर, अनुवादक मला भेटतात. कंपनीत असताना हे हिशेब बहुतेकांना तोंडपाठ होते. ते आयकार्डाबरोबर परत करून येऊ नयेत, एवढ्यासाठी हा लेख लिहिते आहे.

‘फ्रीलान्स’ हा शब्द युद्धातून आला आहे. वॉल्टर स्कॉटच्या १८१९ मधल्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीत मोलाने लढणाऱ्या, कोणा एका सरदाराशी न बांधलेल्या भालेकऱ्यांसाठी तो येतो. आपल्याकडे त्याच्याही आधीपासून याहून नेमकी जोडी आहे. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येई. म्हणून त्याची नेमणूक, म्हणजे पगार, बारगिरापेक्षा मोठी असे. त्या जादा पैशातच घोड्याची वैरण, नाल, खोगीर आणि घोडा मेला तर नव्या घोड्याची तजवीज त्याने करायची असे. बारगिराच्या पगारात शिलेदारी पत्करली तर पहिल्या उन्हाळ्यातच घोडा उपाशी मरणार.

मी आठशे रुपये ठरवले ते नेमके बारगिराच्या हिशेबाने. महिन्याचा पगार घेतला, तासांनी भागला, थोडा वर चढवला. पण पगाराच्या चिठ्ठीत न दिसणारा पैसा असतो. कंपनी भविष्यनिर्वाह निधीत मूळ पगाराच्या १२ टक्के आपल्या बाजूने घालत होती. ग्रॅच्युइटी साठत होती. गटविम्यात आई-वडीलही होते, पगारी रजा होत्या. लॅपटॉप बिघडला तर दुसरा दुपारपर्यंत टेबलावर यायचा. आता तो घोडा माझा. लॅपटॉप, इंटरनेट, इन्व्हर्टरची बॅटरी, आरोग्यविम्याचा हप्ता, सॉफ्टवेअरची वर्गणी, व्यवसायकराचे वर्षाला २,५०० हे सगळं मी भरते.

मग हिशेब उलटा मांडला. वर्षाचे ५२ आठवडे, त्यातून सहा वजा. गणपती, दिवाळी, मे महिन्यातलं माहेर, मुलीचं आजारपण. हनुमान जयंतीला हिंजवडीच्या म्हातोबाचं बगाड निघतं त्या दिवशी कोणी काम करत नाही, आणि करूही नये. उरले ४६ आठवडे, म्हणजे १,१५० तास. त्यातले ५५ टक्के बिलात जाणारे धरले तर सुमारे ६३०. घरखर्चाला वर्षाला सहा लाख हवेत, घोड्याला दीड लाख. साडेसात लाख भागिले ६३०, दर झाला जवळपास १,१९०. आठशेच्या दराने याच तासांचे पाच लाख चार हजार होतात. घोड्याचे दीड लाख वजा केले की घरात येतात साडेतीन लाख. इतके दिवस मला वाटायचं मी हळू काम करते, म्हणून पैसे पुरत नाहीत. काम हळू नव्हतं.

याच गणितात दुसरी वाटही दिसते. बिलात जाणारे तास ५५ वरून ७० टक्क्यांवर नेले तर ६३० चे ८०५ होतात आणि साडेसात लाखांसाठी तासाला ९३२ रुपये पुरतात. दर वाढवायचा तर क्लायंटशी बोलावं लागतं. फुकटचे तास कमी करायला फक्त स्वतःशी बोलावं लागतं. म्हणून सुरुवात तिथून केली.

सर्वांत मोठं भोक प्रवासाचं होतं. अर्ध्या तासाच्या बोलण्यासाठी क्लायंट म्हणतो, ‘या ना एकदा, समोरासमोर बोलू.’ खराडी शहराच्या दुसऱ्या टोकाला. भूमकर चौक, वाकडचा पूल, पुढे सगळं पुणं ओलांडायचं आणि परत यायचं. पार्काचा फेज तीन घरापासून हाकेच्या अंतरावर, पण माण ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मेट्रोच्या खांबांखालून संध्याकाळी सहाला निघालात तर त्या हाकेला तास लागतो. आता पहिली भेट व्हिडिओवर होते, बिनपैशाची, वीस मिनिटांची. प्रत्यक्ष जावं लागलं तर अर्ध्या दिवसाचे पैसे कोटेशनमध्ये आधीच लिहिलेले असतात. ते लिहायला लागल्यापासून बोलावणी आपोआप कमी झाली. तरीही ज्यांनी बोलावलं त्यांनी पैसे दिले आणि बैठकीला तयारीनिशी आले.

कोटेशनवर दोन-दोन तास जात. प्रत्येक वेळी कोऱ्या पानापासून. आता तीन प्रकारच्या कामांचे तीन साचे तयार आहेत, त्यात आकडे आणि तारखा भरते. विचारणा आली की आधी फोनवर अंदाज सांगते, ‘अशा कामाला साधारण चाळीस ते साठ हजार लागतात.’ ज्याच्या मनात दहा हजार आहेत तो तिथेच थांबतो. त्याचाही वेळ वाचतो, माझाही. जे काम परदेशी वेबसाइटवरून येतं त्याचं कमिशनही याच हिशेबात धरावं. फायव्हरसारखी साइट विक्रेत्याच्या कमाईतून २० टक्के घेते. पाच दिवसांच्या आठवड्यात एक दिवस तिच्यासाठी काम. नवीन माणसाला ओळख नसताना तो दिवस देणं परवडतं. तीन वर्षांनंतरही देत राहिलात तर मात्र विचार करायला हवा.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त शिकवलं तिच्याकडे येते. एका छोट्या कंपनीच्या सॉफ्टवेअरचं माहितीपुस्तक मी पहिल्यांदा केलं तेव्हा ४० तास लागले, बिल झालं ३२,००० रुपयांचं. सहा महिन्यांनी तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचं काम आलं. प्रकरणांचा आराखडा तयार होता, चित्रं कशी घ्यायची हे ठरलेलं होतं, प्रोग्रामरला कोणते प्रश्न विचारायचे त्याची यादी होती. २८ तासांत झालं. बिल २२,४००. तिसरं १८ तासांत झालं आणि पुस्तक पहिल्यापेक्षा चांगलं उतरलं. बिल १४,४००. कामात जसा हात बसत गेला तशी कमाई निम्म्याहून खाली आली. क्लायंटची यात काही चूक नाही. त्याने ठरलेल्या दराने पैसे दिले. तासावर पैसे घेतले की तुमच्या कौशल्याने वाचलेला वेळ क्लायंटच्या खिशात जातो, हा त्या पद्धतीचाच स्वभाव आहे. आता मसुदा झटपट करून देणारी एआयची साधनं आल्यावर तर तासाच्या दरावर काम करणाऱ्याने ती वापरली की दर वेळी स्वतःचंच बिल कापलं.

हेही हिंजवडीला माहीत आहे. इथल्या कंपन्यांत कंत्राटं दोन प्रकारची असतात. एक ‘टाइम अँड मटेरियल’, म्हणजे जितके तास तितके पैसे. दुसरं ‘फिक्स्ड प्राइस’, काम अमुक, रक्कम अमुक. पहिल्यात धोका गिऱ्हाइकाचा आणि वेग वाढल्याचा फायदाही गिऱ्हाइकाचा. दुसऱ्यात दोन्ही कंपनीकडे येतात. म्हणून ज्या कामात कंपनीचा हात बसलेला आहे ते ती फिक्स्ड प्राइसवर घेते आणि जे पहिल्यांदाच करायचं आहे ते तासांवर. मीही आता तेच करते. ओळखीच्या प्रकारचं पुस्तक असेल तर ठोक ३२,०००. अठरा तासांत झालं तर तासाला १,७७८ पडतात. क्लायंटला तेच पुस्तक, त्याच किमतीत, आधीपेक्षा लवकर मिळतं. काम अनोळखी असेल तर पहिला आठवडा तासांवर घेते. मग अंदाज येतो आणि ठोक रक्कम सांगता येते.

ठोक रकमेत एकच खड्डा आहे आणि मी त्यात पडले आहे. एका कामात ‘माहितीपुस्तक तयार करणे’ एवढंच लिहिलं होतं. काम संपताना क्लायंटच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन नवीन भाग आले, मग मराठी आवृत्ती हवी झाली, मग त्यावर एक छोटा व्हिडिओ. प्रत्येक वेळी मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला कागदावर आधार नव्हता. तीस तासांचं काम सत्तरवर गेलं. चूक माझी होती. कंपनीत असताना साधं बटणाचं नाव बदलायचं असलं तरी आम्ही म्हणायचो, ‘सीआर टाका.’ सीआर म्हणजे चेंज रिक्वेस्ट, ठरलेल्याबाहेरच्या कामाचा वेगळा अर्ज आणि त्याची वेगळी किंमत. आता माझ्या कोटेशनच्या खालच्या अर्ध्या पानावर काय धरलेलं आहे आणि काय नाही ते लिहिलेलं असतं. किती पानं, किती चित्रं, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, त्यापुढच्या फेरीचे अमुक रुपये, सगळ्या दुरुस्त्या एका माणसाने गोळा करून एकदम पाठवायच्या. ही शेवटची अट सर्वांत जास्त तास वाचवते. पूर्वी मालक एक सांगायचा, विक्रीवाला त्याच्या उलट सांगायचा आणि मी दोघांची दुरुस्ती आलटून पालटून करत बसायचे.

पुस्तक झालं की ते जुनं होऊ लागतं, कारण सॉफ्टवेअर बदलत राहतं. पूर्वी चार महिन्यांनी क्लायंटचा फोन येई, मी आठवत-आठवत पुन्हा शिरत असे. आता पुस्तक देतानाच विचारते, ‘महिना बांधून घ्यायचा का?’ दर महिन्याला ठरलेली रक्कम, त्यात ठरलेली डागडुजी. दुधाचा रतीब असतो तसा. गवळ्याला उद्या दूध खपेल का ही चिंता नसते आणि घेणाऱ्याला रोज भाव विचारावा लागत नाही. रतिबाचा दर मी किरकोळीपेक्षा थोडा कमी ठेवते, तरी परवडतं, कारण त्या कामाला कोटेशन नाही, शोधाशोध नाही, पुन्हा ओळख करून घेणं नाही. दोन रतीब असले की महिन्याचं घरभाडं आणि किराणा सुटतो. मग नव्या कामाला ‘हा दर मला जमणार नाही’ असं शांतपणे म्हणता येतं.

घरभाड्यावरून आठवलं. माझ्या घरमालकांची जमीन पार्कासाठी गेली. पैसे आले, त्यातले बरेचसे लग्नकार्यात आणि गाड्यांत संपले असं ते स्वतःच सांगतात. गावठाणाजवळचा एक तुकडा राहिला होता, त्यावर त्यांनी खोल्या बांधल्या, वर पीजी काढलं. आज घर चालतं ते त्या तुकड्यावर. ‘विकलेली जमीन एकदाच पैसे देते, ताई,’ असं ते म्हणाले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे माझे आराखडे आले. मी ते दर वेळी पुस्तकाबरोबर विकूनच टाकत होते.

कायदा इथे लिहिणाऱ्याच्या बाजूने आहे, पण फार थोड्यांना ते माहीत असतं. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे लेखनाचा पहिला मालक लेखक असतो. नोकरीत, नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर वेगळा करार नसेल तेव्हा मालकी कंपनीची. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेला मजकूर मात्र त्याचा असतो आणि संगणकाचा प्रोग्रामही कायद्याने साहित्यकृतीतच मोडतो. फोटो, चित्र आणि चित्रपट पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून केले असतील तर नियम वेगळा आहे, तिथे सांगणारा मालक. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी करार आणि सही लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. तेव्हा सही करण्याआधी करारातलं ‘सर्व हक्क कायमचे’ हे वाक्य शोधावं. मी तयार पुस्तकाचे हक्क देते, कारण क्लायंटला ते लागतात आणि त्याचेच पैसे तो मोजतो. आराखडा, प्रश्नांची यादी, साचे माझ्याकडे राहतील असं एक वाक्य घालून घेते. अठरा तासांत पुस्तक होतं ते त्यांच्याच बळावर. डिझायनर मंडळींनी आणि प्रोग्रामरांनीही आपल्या कामातला असा तुकडा शोधून ठेवावा.

आणि थकलेली बिलं. वहीतल्या ३४ तासांपैकी सहा तास फक्त पैसे मागण्यात गेले होते. त्यात मनस्ताप धरलेला नाही. ‘अकाउंट्सला सांगितलंय’, ‘साहेब बाहेर आहेत’, ‘मार्चनंतर बघू’ ही वाक्यं ज्याने ऐकली आहेत त्याला ते सहा तास किती मोठे असतात हे सांगायला नको. इथे मी दोन गोष्टी केल्या. पहिली, कामाआधी ४० टक्के ॲडव्हान्स, अर्धं काम दिल्यावर ३०, शेवटच्या फायली देण्याआधी ३०. ॲडव्हान्स मागायला सुरुवातीला जीभ अडखळते. पण लग्नाचा हॉल, आचारी, फोटोग्राफर सगळे ॲडव्हान्स घेतात आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही.

दुसरी गोष्ट उद्यम नोंदणी. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. आधार आणि पॅन लागतं. एकट्याने सेवा देणारा माणूसही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद करू शकतो. तिच्यामागे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा उभा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, तारीख ठरली नसेल तर १५ दिवसांत आणि करारात काहीही लिहिलं असलं तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर साडेसोळा टक्के होतात. त्यात १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकराचा एक नियम लागू झाला. अशी रक्कम मुदतीत दिली नाही तर देणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले आता स्वतः फोन करतात, ‘तुमचा उद्यम नंबर आहे का?’ तक्रार करायची वेळ आलीच तर त्यासाठीही सरकारी पोर्टल आहे. माझ्यावर ती वेळ आली नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि खाली ४५ दिवसांची ओळ छापायला लागले आणि आठवणीचे मेल जवळपास थांबले. नोंदणी मात्र काम घेण्याआधीची हवी, भांडण झाल्यावरची नव्हे.

करांबद्दल थोडक्यात, कारण तिथेही तास जातात. कंपनी व्यावसायिक फीमधून १० टक्के टीडीएस कापते, तो पैसा गेलेला नसतो, विवरणपत्र भरलं की हिशेबात येतो. अभियांत्रिकी, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, माहिती तंत्रज्ञान अशा ठराविक व्यवसायांना २०१६ च्या वित्त कायद्याने एक सोपी वाट दिली. एकूण जमेच्या निम्मी रक्कम, किंवा तुम्ही स्वतः त्याहून जास्त दाखवाल ती, उत्पन्न म्हणून धरायची आणि खर्चाच्या पावत्यांचं जाडजूड बाड ठेवायचं नाही. जमेची मर्यादा ५० लाख, रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. या पद्धतीत आगाऊ कर एकदाच, १५ मार्चपर्यंत भरायचा. आपलं काम त्या यादीत बसतं का हे सीएला एकदा विचारून घ्यावं. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे आणि कलमांचे जुने क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे पाठ केलेल्या क्रमांकावर विसंबू नये. जीएसटीची नोंदणी सेवांना वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की करावी लागते. त्याआधी कोणी ‘जीएसटी नंबर नाही म्हणजे तुम्ही कच्चे’ असं म्हणालं तर मनाला लावून घेऊ नये.

एवढं झाल्यावर दराला हात घातला. नवीन कामांना नवा दर लावणं सोपं गेलं, त्यांना जुना माहीतच नव्हता. भीती होती ती जुन्यांची. तेव्हा एक साधा भागाकार कामी आला. दर पंचवीस टक्क्यांनी वाढवला आणि पाचातलं एक काम हातचं गेलं तरी कमाई तेवढीच राहते. पाचातले चार भाग, गुणिले सव्वा, उत्तर एक. वर एक पंचमांश तास मोकळे होतात. म्हणजे नुकसान सुरू व्हायलाच पाचातल्या एकाहून जास्त क्लायंट जावे लागतात.

जानेवारीत पाचही जणांना पत्र लिहिलं. जानेवारी मुद्दाम निवडला, कारण एप्रिलपासूनच्या वर्षाचं बजेट कंपन्यांमध्ये तेव्हा बनत असतं. मार्चनंतर सांगितलं की ‘या वर्षी तरतूद नाही’ हे उत्तर तयार असतं. पत्र चार ओळींचं होतं. १ एप्रिलपासून दर अमुक, तोवर ठरलेली कामं जुन्याच दराने पूर्ण होतील, रतीब घेतल्यास दर असा राहील, काही बोलायचं असल्यास फोन करावा. माफी मागितली नाही, महागाईचं कारण सांगितलं नाही, घरची अडचण तर मुळीच नाही. पहिल्या मसुद्यात या तिन्ही गोष्टी होत्या, त्या एकेक करून खोडल्या.

तिघांचं ‘ठीक आहे’ असं एका ओळीचं उत्तर आलं. चौथ्याने घासाघीस केली. त्याला दर कमी केला नाही, दुरुस्तीची एक फेरी कमी केली आणि त्याच रकमेत जमवलं. पाचव्याने ‘आम्हाला जमणार नाही’ असं कळवलं. त्याच्या कामाचे आठवड्याचे पाच तास मोकळे झाले. त्यातल्या दोन तासांत मी सध्या प्रोग्रामिंगची एक भाषा शिकते आहे, म्हणजे प्रोग्रामरना कमी प्रश्न विचारावे लागतील. उरलेल्या तीन तासांसाठी गेल्या आठवड्यात एक विचारणा आली आहे. अंदाज फोनवर सांगितला आहे, कोटेशन उद्या सकाळी साडेआठला पाठवायचं आहे.